तेरावा शेरा

डोंबिवली, शुक्रवार, एप्रिल १९९७

या वर्षीपासून सहावीची प्रगतिपुस्तकं कॉम्प्युटरवर. शेरेसुद्धा त्यात आधीच भरलेले बारा; आपण फक्त नंबर द्यायचा. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रत्येकीला निळ्या शाईने दोन ओळी लिहायच्या, ते आठवत बसले.

माझ्या वर्गातल्या नंदाला एकही शेरा लागू पडेना. वर्षभर तोंड न उघडणारी पोर आता वर्गात उभी राहून मोठ्याने वाचते. तिच्या आईला मार्कांपेक्षा हे कळायला हवं. 'प्रगती समाधानकारक' यातून तिला काय समजणार?

कॉम्प्युटरचे जोशी सर हसले. "बाई, एका मुलीसाठी तेरावा शेरा?" पण टाकला त्यांनी. 'आता मोठ्याने वाचते.'

दुपारी पाहते तर पाटीलबाईंनी त्यांच्या वर्गातल्या तिघांना तेरावा दिलेला! मला रागच आला. नंदाचं वाक्य असं वाटून टाकायचं?

"अहो, नवा दिसला म्हणून कुणालाही काय देता?"

"कुणालाही नाही हो," पाटीलबाई म्हणाल्या. "तिघंही दिवाळीनंतर तोंड उघडून वाचायला लागली. सांगायला नंबर नव्हता, म्हणून मी 'समाधानकारक'च टाकणार होते."