मागच्या जिन्याला कुलूप लागू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, इस्त्रीवालीची मुलगी, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते. उद्या माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. गाठ असली तरी डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; कारण दादा पहिली शंका तिथेच काढेल.

१. खाली इस्त्रीचे दुकान, वर दोन खोल्या, मागे लोखंडी जिना आणि जिन्याच्या माथ्यावर संडास, अशी ही वास्तू आईने दादाच्या आणि माझ्या नावे निम्मी-निम्मी केली. माझा निम्मा हिस्सा मी वहिनींना देते, दादाला नाही. अट एकच: मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप लागता कामा नये. लागले, तर हा हिस्सा शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाला जाईल. मग दादाने त्या मुलींशी भांडत बसावे.

कारणही लिहून ठेवते. समोरच्या कचेरीत दिवसभर रांग असते. रांगेतल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण मग जायचे कुठे? आईला इस्त्री करता करता चेहरा पाहून कळायचे. ती कुणाला मागायला लावायची नाही. दुकानात पुरुष गिऱ्हाइके उभी असत, म्हणून नुसते म्हणायची, "ताई, तुमचे कपडे वर ठेवलेत. मागच्या जिन्याने जा." बाई क्षणभर गोंधळायची, मग तिला उमगायचे. एकीचा नवरा म्हणाला, "आपण कधी टाकले कपडे?" ती म्हणाली, "तुम्हाला घरातलं काय माहीत असतं?" आणि वर गेली.

आई गेल्यावर दादाने कुलूप घातले. किल्ली गल्ल्याजवळच्या खिळ्याला. "ज्याला गरज असेल तो मागेल की." चार पुरुषांसमोर कोण मागणार? कुणी मागितली नाही. तर दादा मला म्हणतो, "बघ, कुणाला गरजच नव्हती. आईला उगाच हौस."

गेल्या महिन्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचे कपडे उभ्या उभ्या ओले झाले. मी वरच्या खिडकीतून पाहिले. लोक मागे सरकले, दोघे हसले. मी धावत खाली जाऊन किल्ली घेईपर्यंत त्या हातांनी तोंड झाकून, रांग सोडून निघून गेल्या होत्या. दादाने मान वर केली नाही. कॉलरवर इस्त्री फिरवत राहिला. मरायला टेकलेला माणूस सगळ्यांना माफ करतो म्हणतात. मी हे माफ करत नाही.

२. दादाचे एक म्हणणे मात्र खरे आहे. "तू उपकार करणार आणि संडास घासणार तुझी वहिनी." म्हणून बँकेतली माझी सगळी शिल्लक सफाईला पगारी माणूस ठेवण्यासाठी वापरावी. वहिनी, तुम्ही यापुढे तो खराटा हातात धरायचा नाही. हीसुद्धा अटच समजा.

३. माझ्या पदवीची चौकट दादाने दुकानात टांगली आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि ते गेले की मला म्हणतो, "एवढं शिकून काय दिवे लावलेस? लोकांचे संडास उघडायला शिकलीस?" ती चौकट तिथून काढावी. माझ्या नावाने त्याने मिरवू नये.

४. मामाला काहीही देऊ नये. आई गेली त्या दिवशी त्याने विचारले, "एवढ्या बायकांना वर सोडलं, त्यातली एक तरी आली का?" कशी येणार? त्यांना आईचे नाव माहीत नव्हते आणि आईलाही त्यांचे. मामा, ओळखीच्यांशी गोड सगळेच बोलतात. त्याला माणुसकी म्हणत नाहीत, येणे-जाणे म्हणतात.

५. मी उद्या वाचले, तर हा कागद फाडून टाकीन, अशी आशा कुणी धरू नये. आज दुपारी कुलूपवाल्याला बोलावून मी ते कुलूप कापून घेतले. दादा बघत होता. म्हणाला, "आधी बरी होऊन ये, मग भांडू." मी म्हणाले, "भांडण लिहून ठेवलंय. मी नसले तरी चालेल." त्यावर तो खाली गेला. त्याचे डोळे भरले होते, हेही लिहिते, कारण खोटे मृत्युपत्र करायचे नाही. पण अट तीच राहील.

वरील मजकूर मी वाचून, समजून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिला आहे.

स्थळ: दुकानावरची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस
सही: इस्त्रीवालीची मुलगी

साक्षीदार पहिला: कुलूपवाला. कुलूप कापण्याची मजुरी घेतली, सहीची घेतली नाही.

साक्षीदार दुसरी: रांगेतल्या एक बाई. मी त्यांना ओळखत नाही. त्यांना सगळा मजकूर वाचून दाखवला. म्हणाल्या, "करते की सही. पण माझ्यामागे अजून दोघी उभ्या आहेत, त्यांना आधी वर बोलावू?" त्या दोघी जाऊन आल्यावर सही झाली.