सगळ्यात आधी काढलेले डोळे

अप्पा, काल आपल्या घरी, मधल्या कूडमात, म्हणजे घराच्या मधल्या दालनात, तुमच्या त्या चित्रासमोर कॉलेजातली एक प्राध्यापिका दहाबारा पोरापोरींना घेऊन उभी होती. तेच हो, माशाची शेपटी आणि पोपटाचे पंख असलेली, भाताच्या शेतात पाण्यात उभी राहिलेली बाई. आयुष्यभर तुम्ही सोन्याचा वर्ख लावून बाळकृष्ण केलेत, गिऱ्हाईक सांगेल तितके गुटगुटीत. हे एकच कुणी न सांगता केलेलं. प्राध्यापिका तमिळमध्ये समजावत होती. वर्ख नाही, म्हणजे वैराग्य. शेपटी पाण्याची, पंख आभाळाचे, म्हणजे ती ना इथली ना तिथली. डावा डोळा किंचित मिटलेला, म्हणजे अर्धी स्वप्नात. पोरं भराभरा लिहून घेत होती आणि मी कॉफीचं ताट धरून ऐकत होते. वैराग्य कसलं डोंबलाचं!

तेव्हा मी अकरा वर्षांची. आई जाऊन चार महिने झालेले. तुम्ही पापनाशमला एक चित्र पोचवायला गेला आहात, आणि चित्रातली ही बाई फळीवर बिनडोळ्यांची उभी आहे. खवल्यांवर लेप चढायचाय, मग खडे, मग डिंक लावून त्यावर वर्ख, आणि डोळे सगळ्यात शेवटी, हे मला बोलायला लागल्यापासून ठाऊक. तरी मी बारीक कुंचला उचलते आणि डोळे काढते. आईचे, तिचा डावा असाच जरा मिटलेला असायचा. तुम्ही आलात, पाहिलंत. "आता ती बघत्ये. बघणाऱ्या बाईच्या अंगाला डिंक कसा लावू मी?" इतकंच बोललात. त्यापेक्षा पाठीत धपाटा घातला असतात तर बरं झालं असतं. चित्र तसंच भिंतीवर टांगलंत, आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द नाही. ती शिक्षा होती की माफी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आता विचारू कुणाला?

निघताना प्राध्यापिका म्हणाली, "असे डोळे काढणारा माणूस फार एकटा असणार, नाही?" मी "हो" म्हटलं. "अप्पांनीच काढलेत," असंही सांगून टाकलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, आणि घरात माझ्या तमिळ शिकलेल्या पोरांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा लिहायला भीती नाही. ती खोडी नव्हती हो, अप्पा. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. घरात कुणीतरी माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.