पंचफुलाकाकूची दोन तासांची विश्रांती

हट्टा,
रविवार

प्रिय सत्यशीलामावशी,

तुला आणि काकांना घरातल्या सगळ्यांचा जय भीम. आम्ही इकडे ठीक आहोत (ठीक म्हणजे काय, ते पुढे कळेलच). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस ना? आता पूर्ण वाकतो का? उकिडवं किती वेळ बसता येतं, अंदाजे? सहज विचारते. फोनच केला असता, पण फोनवर तू आधी हसतेस आणि मग ऐकतेस, आणि या गोष्टीत हसण्यासारखं इतकं आहे की ऐकायची पाळीच आली नसती. उद्या प्रभूदादा वाशीमला चालला आहे, कनेरगाव नाक्यावर उतरून हे पत्र तुझ्या हातात देईल.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलंय हे तुला माहीत आहे. (घरातली पहिली पदवीधर होणार म्हणून आईने आत्तापासूनच मला जड वस्तू उचलू देणं बंद केलं आहे.) अर्थशास्त्र म्हणजे पैशाचं शास्त्र असं मलाही वाटायचं. तसं नाही. वेळ थोडा, हात दोन आणि कामं पन्नास, अशा वेळी माणूस काय धरतो आणि काय सोडतो, त्याचा तो अभ्यास. जे सोडलं त्याला संधी खर्च म्हणतात. म्हणजे तू दुपारी झोपलीस, तर त्या वेळात जे लोणचं घातलं असतंस, ते लोणचं हा तुझ्या झोपेचा खर्च. हे शिकल्यापासून मला दुपारी झोप लागत नाही.

तर सरांनी प्रत्येकाला एका माणसाच्या निवडींवर प्रकल्प करायला सांगितला. माणसाला विचारत बसू नका, तो काय करतो ते बघा, असं सर म्हणाले. विचारलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो. मी आई निवडली. (नावाच्या रकान्यात मालनबाई आणि वयाच्या रकान्यात मी पंचेचाळीस लिहिलं, आईने बेचाळीस करायला लावलं. म्हणजे सरांचं बरोबर होतं.) सध्या हळद काढायचे दिवस, म्हणून आई सावडीत. सावड तुला मी काय सांगायची, पण प्रकल्पात मी असं लिहिलं आहे: सहा बाया, सहा शेतं, आज सगळ्या एकीच्या शेतात, मग सगळ्या दुसरीच्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. पहिली पाळी नीलाबाईची होती. मी दोन दिवस बांधावर वही घेऊन बसले आणि कोण किती वाफे काढतं, कोण किती वेळ बसतं, सगळं टिपलं. आईचे सर्वांत जास्त वाफे. आमच्या शेजारच्या पंचफुलाकाकूचे सर्वांत कमी. तिच्यापुढे मी लिहिलं, ‘विश्रांती : दोन तास’.

त्या रात्री जेवताना मी आईला तक्ता दाखवला. म्हटलं, आता पाळी पंचफुलाकाकूची. तू तिच्याकडे दोन दिवस भरून काम करणार आणि ती आपल्याकडे येऊन निम्मं करणार. त्यापेक्षा ते दोन दिवस वसमतला हळद निवडायला जा, मजुरी मिळेल. विवेकी माणूस असाच निर्णय घेतो. आई बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. (तिला वाचता येत नाही, पण रेघा सरळ होत्या.) मग म्हणाली, “तू शिकलीस, तू म्हनतीस तर बराबरच असंल.” आणि मावशी, ती खरंच गेली. माझं आयुष्यात पहिल्यांदा कुणी ऐकलं, आणि ते नेमकं हे.

तिसरी पाळी आमची. कुणी आलं नाही. देविदासचा हळद शिजवायचा कुकर गुरुवारी आमच्या शेतात येणार, तो चुकला तर पुन्हा पंधरा दिवस नंबर नाही, आणि काढणीआधी पिकाचं पाणी तोडल्यामुळे जमीन रोज घट्ट होत चाललेली. मी घरोघर गेले. एकीच्या लेकराला ताप, एकीकडे पाहुणे, निर्मलाबाईच्या कमरेत उसण. विचारू नका, बघा, हे आठवून मी संध्याकाळी पुन्हा फिरले, तर ताप, पाहुणे आणि उसण तिन्ही पंचफुलाकाकूच्या ओट्यावर बसून चहा पीत होते.

मग मी स्वतः कुदळ घेतली. दुपारपर्यंत एक वाफा झाला आणि हाताला चार फोड आले. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम (प्रत्येक पुढच्या घासाची गोडी आधीच्यापेक्षा कमी) मला परीक्षेत कधी नीट लिहिता आला नव्हता. दुसऱ्या फोडाला पूर्ण समजला. बाबा शेजारच्या वाफ्यातून म्हणाले, “संध्या, तुमच्या पुस्तकात कुदळ कुठून धरायची ते देत न्हाईत का?”

आमच्या पुस्तकात प्रत्येक नियमाआधी ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं एक वाक्य असतं. ते मी नेहमी सोडून पुढे वाचायची. आमच्या गावात त्या इतर परिस्थितीचं नाव पंचफुलाबाई. काल मी तिच्या ओट्यावर गेले. सगळ्या होत्याच, आणि आमचं जेवतानाचं बोलणं भिंतीपलीकडे कधीच पोचलं होतं.

काकू म्हणाली, “या मास्तरीनबाई. कागद आनला का? माझ्या नावाम्होरं काय लिव्हलं ते वाच.”

मी वाचलं. विश्रांती, दोन तास.

“आन त्या दोन तासात मी काय करून राहिले होते?”

मी वही बघितली. वहीत ‘बसून’ एवढंच होतं. नीलाबाई म्हणाली, “माझं तान्हं तिच्या मांडीवर होतं की गं. म्हनून तर माझे एवढे वाफे झाले.” (तक्त्यात नीलाबाईचा नंबर दुसरा आहे. तान्ह्या लेकराला मी रकाना दिला नव्हता.)

काकू म्हणाली, “तुझी माय बाळंतपनाच्या बाजंवरून उठून तुमच्या पऱ्हाटीचा कापूस येचाया गेली होती. तवा मांडीवर कोन होतं? तू होतीस. तवाबी मी आरामच करून राहिले होते व्हय?”

मी उभ्या उभ्या सांगितलं की माझं चुकलं, आणि आईची त्यात काही चूक नाही. आईला पुन्हा सावडीत घ्या, पुढे आई-बाबा दोघांच्याच हातून हे शेत कसं निघेल? काकू म्हणाली, “येऊ. पर तुझ्या मायच्या जोडीला आता तू बी कुदळ धरायची. समद्या पाळ्या. येक दिस चुकली, तर मालनबाईचं नाव सावडीतून गेलं.” मी हो म्हटलं. उद्या काकूचे राहिलेले वाफे काढायचे, मंगळवार-बुधवार आमचे, शुक्रवारी निर्मलाबाईकडे.

तुझी भाची,
संध्या

ता. क. : शुक्रवारीच माझी प्रकल्पाची तोंडी परीक्षा आहे, वसमतला. हे मला हो म्हटल्यावर आठवलं. बदली माणूस दिलं तर चालेल का, असं काकूला विचारलं, तर म्हणाली, “मालनची भैन आली तर चालंल, ती कामाची हाये.” तेव्हा तू गुरुवारच्या गाडीने ये. माझी परीक्षा आणि आईची सावड दोन्ही तुझ्या हातात आहे. बदल्यात पुढच्या हंगामात तू म्हणशील तितके दिवस मी तुझ्याकडे येईन.

ता. क. २ : सरांनी त्या तक्त्याला ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला आहे आणि शुक्रवारी तोच सगळ्यांसमोर वाचायचा आहे. तक्ता चुकीचा आहे, असं मी सरांना तिथेच सांगणार आहे. हे पंचफुलाकाकूला कळलं. ती म्हणते, ते ऐकायला मी येनार. तिने लुगडंही काढून ठेवलं आहे. म्हणजे निर्मलाबाईकडे आता दोन माणसं कमी पडणार. तेव्हा येताना आणखी एक बाई घेऊन ये. (तान्हं लेकरू सांभाळणारी बघ. वाफे तू काढशीलच.)