चर्चच्या नावेचे बाक

प्रिय आणि आदरणीय एनोकमामांस,

भाचा ईवारी याचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने मी ठणठणीत आहे, फक्त मागच्या बाजूने जरा चिकट आहे. ते पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? आणि बोक्याने तुमची खुर्ची परत केली की अजून तुम्हीच स्टुलावर बसता?

औलू बंदराच्या धक्क्यावर निरोप देताना तुम्ही एक काम सांगितलं होतंत. तुम्ही तीस वर्षं इंग्रजांच्या जहाजांवर काढलीत, तिथे खलाशाला सगळे ‘टार’ म्हणत, म्हणजे डांबर. तर हा शब्द आला कुठून, ते कुणा शिकलेल्या माणसाला विचार. (मी शाळेत दोनच हिवाळे काढले, म्हणून मलाच विचारलं नाहीत, हे बरं केलंत.) आता इथे डांबराच्या भट्टीवर शिकलेला माणूस कुठला? आठ-आठ दिवस मातीखाली पाइनचं लाकूड धुमसत ठेवायचं, नळीतून उतरलेलं डांबर पिंपात भरायचं आणि एकमेकांची काळी तोंडं बघायची, एवढीच आमची विद्या. शेवटी चर्चमध्ये गाणारे ऑगुस्ती मास्तर भेटले. ते म्हणाले, फार फार पूर्वी हा शब्द ‘झाड’ या शब्दातून निघाला. डांबर हे झाडाचं रक्तच. खलाशी ते टोप्यांना आणि कपड्यांना फासत, म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. म्हणजे मामा, नात्याने तुम्ही झाडाचे नातू लागता. (मामी तुम्हाला ओंडका म्हणतात, त्या न शिकताच बरोबर होत्या.)

हे ज्ञान मला फार चढलं. आमचे मालक तावेत्ती यांनी शनिवारी हुकूम सोडला, “उद्या अख्खी वाडी चर्चला जाणार, नावेला बाहेरून डांबर लाव.” सात घरांची मिळून ती एक लांब नाव, चौदा माणसं दोन-दोन करून वल्ही मारतात. मी लावायला बसलो आणि मनात आलं, झाडाचं रक्त झाडालाच परत द्यायचं, तर बाकांनी काय पाप केलंय? दिले सगळे बाक रंगवून.

रविवारी पहाटे मंडळी ठेवणीतले कपडे घालून नावेत बसली. (मालकांची मुलगी लोविसा तेवढी जुनाट घागरा घालून आली, आईचं बोलणं खाऊनसुद्धा. का, ते आत्ता विचारू नका.) तळं पार केलं, चर्चची घंटा वाजली, आणि कुणालाच उठता येईना.

“ईवाऱ्या, गाढवा! बाकाला कुणी डांबर फासतं का रे?”

“मालक, झाडाचं झाडाला...”

“माझी विजार झाड आहे का?”

“बाबा, जोर नका लावू,” लोविसा म्हणाली, “काठावर सगळं गाव उभं आहे.”

पण मालकांनी जोर लावला. ते उठले, विजारीचं बूड बसूनच राहिलं. बायकांनी जेवणाच्या डब्यांतलं सगळं लोणी चोळून बाकीच्यांना सोडवलं. मालक मात्र टोपी मागे धरून, भिंतीला पाठ लावून, पूर्ण प्रवचनभर उभे राहिले. पाद्रीबाबांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, “डुलक्या काढणाऱ्यांनो, तावेत्तींची भक्ती बघा!” तेव्हापासून मालक माझ्याशी बोलत नाहीत, नुसते खाकरतात.

तुमचा आज्ञाधारक,
ईवारी

ता. क. मोठा डबाभर लोणी आणि तुमची चर्चची काळी विजार लवकर धाडा. मालकांचा घेर तुमच्याएवढाच आहे.

ता. क. २. विजार टपालाने नको, स्वतः घेऊन या. लोविसाला मागणी घालायला माझ्या बाजूने बोलणारं वडीलधारं माणूस लागतं. तिचा होकार आहे. मालकांनी काल खाकरणं थांबवून एवढंच म्हटलं, “कुणी मागायला आलाच तर आधी विजार काढून दे म्हणावं, मग तोंड उघड.” मामा, तुम्ही नाही आलात तर शरद ऋतूत ते तिला पलीकडच्या गिरणीवाल्याला देतील.

ता. क. ३. मालकांपुढे मास्तरांच्या झाडाचीच गोष्ट सांगा. खरं तुमच्यापुरतंच: सगळ्या बाकांना डांबराचा एकच हात दिला होता. आम्ही दोघं बसलो त्या बाकाला दोन. बादली लोविसानेच धरली होती.