नाव घेऊन थांबायचं

बालाजी घाट, वाराणसी
१२ ऑगस्ट २०२४

ती. बकुळताईस,
सुश्रुतचा सा. न. वि. वि.

पत्रं लिहून अक्षर सुधारेल हे तुझंच म्हणणं, तेव्हा आता डोळे फोडून वाच. जबलपूरची मंडळी मजेत ना?

मी इथल्याच सिगरा मोहल्ल्यातल्या एका ऑफिसात मोबाइलवर पूजा सांगायला शिकून आलो. यजमान दुबईत, आपण घाटावर. पाठशाळेत परतलो तर गुरुजी म्हणाले, हेच पोरांना शिकव. दोनदा नापास झालेला तुझा भाऊ मास्टर झाला! मधेच रामनगरच्या एका नाववाल्याबरोबर भटकायला गेलो होतो, ते असो. छतावर क्लास लावलाय. अग्नीकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं. मागे गंगा दिसायला हवी. आणि खरी गोष्ट ही, की गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की थांबायचं, समोरच्याला रडू येईपर्यंत. नाही आलं तर नाव पुन्हा. सगळ्यांना जमलं, एक वेणीमाधव सोडून. तो लाजून खालीच बघतो.

बाबा जिन्यातून बघत होते. म्हणाले, रडणाऱ्याकडे बघू नये, आपण दर्भ नीट करत बसावं. मग म्हणाले, कार्तिकात तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला माझ्या शेजारी पायरीवर बस, मोबाइल न घेता. हो म्हटलं. एवढं तर करीनच ना.

लोभ आहेच, फक्त तो कान धरायला वापरू नकोस.
तुझा सुश्रुत


जबलपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. सुश्रुतास अ. उ. आ.

अक्षर सुधारलं नाही. मास्टरसाहेब, एक सांगू? इथले आपले जुने यजमान, ज्यांच्या घरचं पौरोहित्य पणजोबांपासून आपल्याकडे आहे, ते यंदा पितृपक्षात मोबाइलवर बसणार आहेत. माझ्या सासूबाई कौतुकाने विचारतात, ही तुमच्या सुश्रुतचीच सोय ना? मी हो म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. तू शिकवलेली पोरं बोलावली जातात, आणि बाबा सकाळी आसन टाकून पायरीवर नुसते बसून असतात.

यजमानांबद्दल ते बोलत नाहीत. फोनवर एकच विचारतात, कार्तिकात तो असेल ना गं?

ऑफिस तुला ऋषिकेशला शिकवायला पाठवतंय म्हणे. जा. पण तुला दही आणायला धाडलं होतं तेव्हा तू चुनारला निघून गेलास, आणि आई तुझ्यासाठी उपाशी बसली होती. या वेळी तिला ताटकळत ठेवू नकोस रे.

रागावले तरी माया तीच, हे लक्षात असू दे.
तुझी ताई


शाहजहानपूर
२८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून मीच लिहितोय.

ऋषिकेशहून वेळेवर निघालो होतो. आईशप्पथ लिहिणार होतो, पण राहू दे. गाडीत बाजाची पेटी दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला. काय हात होता त्याचा! त्याच्याबरोबर इथे उतरलो, पुढची गाडी धरू म्हणून. ती गेली. त्याच्या पुढचीही गेली.

श्राद्धाच्या सकाळी मोबाइल वाजला. पडद्यावर वेणीमाधव, मागे आपली पायरी, गंगा. मी पोचत नाही असं दिसल्यावर बाबांनी त्याच ऑफिसात माझं नाव, गोत्र आणि नंबर देऊन टाकला होता. यजमान म्हणून. त्याला म्हणाले, अधिकार मुलाचा आहे, जिथे असेल तिथून पाणी सोडेल.

मी चहाच्या टपरीमागे बसलो, तळहातावर बाटलीतलं पाणी घेतलं. वेणीमाधव आता लाजत नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघून त्याने शरदिनी म्हटलं आणि थांबला. का थांबला ते मला पाठ आहे. मी दात आवळून बसलो, रडायचंच नाही म्हटलं. त्याने वाट पाहिली आणि आईचं नाव पुन्हा घेतलं.

मग नाही राहवलं.

तेवढ्यात बाजूने बाबांचा हात आला आणि त्यांनी मोबाइल नदीकडे फिरवला. ते दिसले नाहीत. पुढचं सगळं श्राद्ध मी नुसतं पाणी बघत ऐकलं.

संपल्यावर ऑफिसचा मेसेज आला, सेवेला किती तारे द्याल? पाचही दिले. पोराचं काहीच चुकलं नव्हतं.

काशीची गाडी इथून रोज असते. मी अजून इथेच आहे. लोभ उरला असेल तर बाबांवर कर, माझ्या वाटचाही.
सुश्रुत