दोन्ही हात काठावर

अहो मनीषचे बाबा,

काल तुमची तेरवी झाली आणि आज सकाळी फाटकापुढे मुरमाचा टिप्पर येऊन उभा राहिला. तुमचा स्विमिंग पूल बुजवायला! त्यानंतर जे झालं ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच लिहून राहिली. केस अजून ओले आहेत.

आधी एक सांगा. ज्या माणसाला पाण्याची एवढी भीती, त्यानं घरात पूल काऊन बांधला हो? लहानपणी विहिरीत पडले, तेव्हापासून तुम्ही तलावाच्या पाळीवरसुद्धा चढत नव्हते. पण रायपूरच्या कोण्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात पूल पाहिला आणि फुलचूरला येऊन लगेच अंगण खोदायला लावलं. राईस मिलवाल्यानं मागं कसं राहायचं!

पुलाच्या पूजेच्या दिवशी माझे बाबा माहेराहून, बोदलकशाहून आले होते. निळ्या टाइल्सकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, बोडी तं मस्त बांधली, पर मासोऱ्या कवा सोडता?" एवढ्या महागाच्या पुलाला शेतातलं तळं म्हटलं म्हणून पाहुणे पोट धरून हसले. तुम्हीही हसले. पाहुणे गेल्यावर दार लावलं आणि बाबांच्या त्या एका वाक्यासाठी मला मारलं. डाव्या कानानं मला अजून कमी ऐकू येते.

पूल बांधणं सोपं, पोसणं कठीण. फिल्टरची मोटर जळली, मारलं. क्लोरीन कमी पडून पाणी हिरवं झालं, मारलं. लाइट बिल आलं की मी आधीच स्वयंपाकघराची कडी लावून घ्यायची. एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या बोअर आटल्या, तेव्हा शेजारच्या बाया आपल्या भरल्या पुलाकडे पाहून शिव्या देऊन गेल्या. त्यांच्यापुढे तुमचं तोंड उघडलं नाही. राग निघाला तो माझ्या पाठीवर.

आणि सुख? सुख सगळं मलाच मिळालं, हे तुम्हाला कधी कळलं का? तुम्ही मिलवर गेले की जुना पंजाबी ड्रेस घालून मी पाण्यात! मी तलावाकाठची पोर, म्हशींसोबत पोहायला शिकलेली. उताणी पडून आभाळाकडे पाहत राहायची. त्या अख्ख्या घरात छाती भरून श्वास घ्यायला तेवढीच जागा होती.

मग तो दिवस आला. वरणात मीठ जास्त झालं आणि तुम्ही पट्टा काढला. मी अंगणात पळाली. फाटकाला कुलूप! मी साडीसकट खोल बाजूला उडी मारली. तुम्ही काठावर पट्टा आपटून आपटून ओरडत राहिले, "निघ बाहेर, बोदलकशाची बेंडकी!" मी मधोमध तरंगत म्हटलं, "या ना आत. कोणं अडवलं?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला उलटून बोलली आणि मला काही झालं नाही. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढे ते नेहमीचंच झालं. तुमचा हात उठला की मी पाण्यात. एकदा तुम्ही पिऊन माझ्यामागे धावले, पाय घसरला आणि धपकन खोल पाण्यात पडले. पट्टा हातातच! मी विचारसुद्धा केला नाही हो. केस धरून तुम्हाला ओढत आणलं. दोन्ही हातांनी काठ धरून तुम्ही लेकरासारखे रडले, "ललिता, सोडू नको मले." नाही सोडलं. आणि अंग पुसून झाल्यावर तुम्ही माझ्या थोबाडीत मारली, नोकरापुढे केस ओढले म्हणून!

त्यानंतर मात्र संध्याकाळी तुम्ही उथळ बाजूच्या पायरीवर येऊन बसू लागले. कमरेइतकं पाणी आणि दोन्ही मुठींत स्टीलचा दांडा घट्ट. "खालून कसं दिसते वं?" असं विचारायचे. मी बुडी मारून यायची आणि सांगायची, तुमचे पाय मोठे दिसतात. तुम्ही हसायचे. तिथं तुमचा हात माझ्यावर कधीच उठला नाही. उठणार कसा? दांडा सोडावा लागला असता! तरी त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या, खोटं कायले बोलू? हे तेरा दिवस मी रडली ती त्या पायरीवरच्या माणसासाठी. पट्टा उगारणाऱ्यासाठी एक थेंब काढला नाही.

तर आज सकाळचं. मनीषला त्या जागी गाड्या ठेवायच्या होत्या. अश्विनी एवढंच बोलली, "आईले विचारलं का तुमी?" आणि तुमच्या मुलानं टिप्परवाल्यासमोर बायकोच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला तिचा. काल तुमचं घड्याळ मीच त्याच्या मनगटावर बांधलं होतं. तोच हात! पहिलीच वेळ का, हे सुनेला विचारायची गरज पडली नाही. तिनं ज्या सवयीनं ओढणी ओठाला लावली, त्यावरूनच समजलं.

मी पुढे झाली. दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर असा धक्का दिला की तो उताणा खोल पाण्यात गेला. तुम्ही त्याला कधी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, त्याला कुठलं पोहता येते! हात आपटून राहिला, पाणी गिळून राहिला. टिप्परवाला ओरडला, "अरे माँजी, भैया डूब रहे हैं!" मी थांबली. हो, थांबली! तुमच्या वेळी थांबली नव्हती, त्याचं फळ जन्मभर खाल्लं. मग उडी मारली आणि केस धरून त्याला काठाशी आणलं.

"आई, पोरगा हाव ना मी तुझा!" तो खोकत खोकत बोलला.

"म्हणून तं वाचवलं. दोन्ही हात काठावर ठेव. काढशील तं बुडशील."

मी वर येऊन उभी राहिली. तो चढायला लागला की पाय आडवा घालायची. मग अश्विनीला विचारलं, "काय करू वं? काढू का याले बाहेर?"

पोरीनं ओठाचं रक्त पुसलं. म्हणाली, "राहू द्या थोडा वेळ. मी चहा मांडते."

आम्ही दोघींनी काठावर बसून चहा घेतला. टिप्पर मुरूम घेऊन परत गेला. मनीष तसाच काठ धरून माफी मागत होता, अगदी तुमच्या आवाजात. तुम्हीही अशीच मागायचे. तो सूर मला पाठ आहे, म्हणून त्याला वर घ्यायची मी घाई केली नाही.

आता वचन देते, नीट ऐका. पूल बुजणार नाही. क्लोरीन, मोटर, बिल, सगळं मी पाहीन. फाटकाची किल्ली अश्विनीच्या हाती दिली आहे, आणि उद्यापासून तिला पोहायलाही शिकवणार आहे. ती ज्या दिवशी म्हणेल की आई, आता याच्या हाताची भीती वाटत नाही, त्या दिवशी मनीषलाही शिकवीन. तोवर तुमच्या मुलाला या घरात पोहता येणार नाही.

बोदलकशाची बेंडकी,
ललिता