हिरव्या रेघेचा नट

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंद्याने मोटार मेकॅनिक, लग्न न केलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी गोड बोलून भरीस घातलेले नाही. मी रागात आहे; पण राग एकोणीस वर्षे जुना असल्यामुळे तो मनात ठेवूनही नीट विचार करता येतो. याआधी काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहती खोली आणि बँकेतली ठेव मावसबहिणीला. आजारपणात तिने माझे सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही.

२. माझी हत्यारे मेकॅनिकचे काम शिकवणाऱ्या शाळेला. अट एकच, मुलींना ती आधी हाताळू द्यावीत.

३. लाल रंगाची, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स गाडी तिच्या मूळ मालकिणीला, म्हणजे व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना, परत द्यावी. पुढचे त्यांच्यासाठी आहे.

बाई, तुम्ही ही गाडी आमच्याकडे आणलीत, तेव्हा वर्कशॉप माझे आणि धाकट्या भावाचे निम्मे निम्मे होते, आजही आहे. तुमची तक्रार होती की स्टिअरिंगला प्ले आहे, चाके वळण्याआधी ते दोन बोटे नुसतेच फिरते. ब्रेक मी केले, स्टिअरिंग भावाने. चौथ्या दिवशी वळणावर स्टिअरिंग फिरले ते परत सरळ आलेच नाही आणि गाडी भिंतीवर गेली. तुमचे मनगट मोडले, व्हायोलिन कायमचे सुटले. भावाने गिऱ्हाइकांसमोर सांगितले, "स्टिअरिंग ताईनं केलं होतं. बाईमाणसाला कितपत जमणार?" तेव्हापासून मी मागच्या शेडमध्ये बॅटऱ्या धुते आहे.

दोन वर्षांनी मी गाडी विकत मागायला आले. तुम्ही म्हणालात, "न्या. तुमच्याच हातानं बिघडलीय." तुमच्या दारात मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गाडी आणून तपासली. टायरमध्ये हवा पुरेशी होती. पुढची चाके जॅकवर उचलली, तरी स्टिअरिंग जड. म्हणजे दोष टायरचा नव्हे. चाकांना जोडणारे टाय रॉड सोडले. चाके हाताने सहज वळली, स्टिअरिंग जडच. मग स्टिअरिंगचा दांडा खालून सोडला, तर तो लोण्यासारखा फिरला. उरला रॅक, म्हणजे चाके डावी-उजवी ढकलणारी दातेरी पट्टी. तिच्यावर दाब ठेवणारा नट इतका आवळला होता की पाना घसरला.

खरा प्ले टाय रॉडच्या झिजलेल्या टोकात होता. ते बदलायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून भावाने नट आवळून प्ले दडवला आणि त्यानेच वळणावर स्टिअरिंग अडकले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आमच्याकडे नट आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढायची असते. माझी पांढरी, त्याची हिरवी. या नटावर हिरवी रेघ होती.

मी तो नट आईला दाखवला. ती म्हणाली, "घरातलं घरात ठेव गं. त्याचं लग्न ठरतंय. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." गेल्या वर्षी आई गेली. तिची शपथ आता सुटली आहे.

टाय रॉडची टोके नवी घातली आहेत, रॅकमध्ये ताजे ग्रीस भरून नवा नट बेताने बसवला आहे. चालत्या गाडीत स्टिअरिंग दोन बोटांनी फिरते आणि सोडले की सरळ येते. तुमच्या मनगटाला झेपेल. जुना नट सीटखाली पुडीत आहे.

४. वर्कशॉपमधला माझा निम्मा हिस्सा धाकट्या भावाला. मात्र साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला या मृत्युपत्रातून काही मिळू नये, ही माझी अट आहे आणि एक साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, असं कुणी करतं का?" मी म्हटले, "त्याला वाचायला कुणी बंदी केलीय का?" सहीआधी सगळी पाने त्याच्या हातात देईन. वाचली तर तो सही करणार नाही, हिस्सा त्याचा राहील, मी दुसरा साक्षीदार बघेन. न वाचता सही केली, तर हिस्सा व्हायोलिनच्या बाईंना. मग रोज सकाळी त्याने भागीदारीणबाईंच्या मनगटाकडे बघत शटर उघडावे.

५. माझ्या मागे भावाने "ताई माझी गुरू होती" असले भाषण करू नये. उभा राहिलाच, तर शेजारच्या टायरवाल्याने त्याला खाली बसवावे.

स्थळ: वर्कशॉपमधली काचेची केबिन
दिनांक: अकरा मार्च, दुपारी चार
सही: मोटार मेकॅनिक

साक्षीदार १: शेजारचा टायरवाला (सही. अर्धा तास वाचत होता.)
साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)

सह्यांनंतर माझ्या हाताने: पाने त्याच्यापुढे ठेवून मी म्हटले, "वाच." तो म्हणाला, "तू केलंयस ना ताई, म्हणजे बरोबरच असणार. सही कुठे करू?" एवढेच वाक्य तो तेव्हा गिऱ्हाइकांसमोर बोलला असता, तर मी त्याला सगळे दिले असते. मग मी बोट ठेवून त्याला जागा दाखवली.